दोन पेपर, एक बादली

माझ्या वडिलांचा चेहरा मी एकदाच नीट, फ्रेममध्ये बसवल्यासारखा पाहिला. पेपराला पडलेल्या भोकातून. भोक चौकोनी होतं, कडा कात्रीने सरळ कापलेल्या होत्या, आणि त्यात बाबांचे दोन डोळे, चष्मा आणि अर्धं नाक अगदी मापात बसलं होतं. एरवी मी हसलो असतो. मी हसायला तोंड उघडलंही होतं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही बनारसला, ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत राहायचो. घरात पेपर एक आणि वाचणारे चार. पहाटे गंगेवर जाऊन आलेले काका पेपर पहिल्यांदा धरायचे, कारण महाराष्ट्रातून श्राद्धाला आलेले यजमान दाराशी यायच्या आत त्यांना देशाचं राजकारण उरकायचं असायचं. मग आत्या. तिला राशिभविष्य लागायचं, स्वतःचं नाही, शेजारणींचं. मग मी. एम.ए. होऊन घरी बसलेला, नोकरीच्या जाहिरातींभोवती पेन्सिलीने गोल काढणारा. बाबा रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. ते संध्याकाळी येत तेव्हा पेपरावर चहाच्या कपाचे गोल, पेन्सिलीचे गोल आणि आत्याच्या हळदीची बोटं असत. तो पेपर ते रात्री जेवणानंतर वाचायचे, पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. तक्रार नाही. आमच्या घरात तक्रारींचं खातं आत्याकडे होतं आणि ती ते एकटी समर्थपणे सांभाळायची.

रिटायर व्हायच्या आठवडाभर आधी बाबा जेवताना म्हणाले, "एक तारखेपासून पेपर आधी मला."

काकांनी ताटावरून उठून कमरेत वाकून मुजरा केला. "आज्ञा, दादा! ताजा, गरम, घडीसुद्धा न मोडलेला!"

सगळे हसले. बाबाही हसले. त्यांनी आयुष्यात घरापाशी मागितलेली ही बहुधा एकमेव गोष्ट होती, पण मागताना ती इतकी छोटी दिसली की कोणी लक्षात ठेवली नाही.

त्याच्या दोनेक महिने आधी शहरात नवा पेपर निघाला होता. पहिल्या पानावर रंगीत फोटो. आत मोहल्ल्यामोहल्ल्याच्या बातम्या. आणि खरी मेख आतल्या पानावर, रोज एक कूपन. महिनाभराची कूपनं एका कागदावर चिकटवून दिली की प्लास्टिकची बादली. आत्याने ती बादली शेजारच्या घरी पाहिली होती, निळी, झाकणासकट. त्या दिवसापासून गल्लीतल्या एकाही मराठी घराला तिने बादलीचं वर्णन ऐकवायचं बाकी ठेवलं नाही. आणि कोणाला न विचारता पेपरवाल्याला सांगून टाकलं, एक तारखेपासून जुना बंद, नवा चालू.

एक तारखेला बाबा लवकर उठले. दाढी केली. चष्म्याच्या काचा धोतराच्या सोग्याने पुसल्या. आईने विणलेला तपकिरी स्वेटर घातला आणि उन्हाचा तुकडा पडतो तिथे पाट मांडून बसले. मी समोर होतो. काकांनी त्या दिवशी खरंच पेपराला हात लावला नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण आत्या त्यांच्याही आधी उठली होती.

बाबांनी पेपर उघडला, आणि तो चेहरा मला दिसला.

"हे काय?" भोक म्हणालं.

"कूपन आहे ते," आत्या आतून ओरडली. "तुला काय वाचायचंय त्याच्यामागे? मागे साबणाची जाहिरात होती, मी बघितली ना!"

"आपला पेपर कुठाय?"

"बंद केला. काय होतं रे त्याच्यात? गंगेचं पाणी किती चढलं आणि कोण मेलं."

"मला विचारलं नाहीत."

"अहो दादा," काका म्हणाले, "बातम्या त्याच असतात हो. फक्त छापखाना वेगळा!"

बाबांनी पेपराची घडी घातली. आमच्यासारखी नाही, घरी आला तेव्हा होती तशीच, मूळ घड्यांवरून. पाटावर ठेवली. झोला खांद्याला लावला, त्यात पंचा आणि एक धोतर होतंच, आणि रोज स्नानाला जायचे तसे जिना उतरून गेले.

दुपारी आईने त्यांचं ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी ते उघडलं, पुन्हा वाढलं, पुन्हा झाकलं.

*

काका घाटावर जाऊन सगळ्या मल्लाहांना, म्हणजे नावाड्यांना, विचारून आले. एकाने सकाळी पाहिलं होतं, एकाला ते रोजच दिसत असल्याने आज दिसले की काल, हे सांगता येत नव्हतं. ऑफिसात चौकशी केली. ते म्हणाले, कालच तर हार घातला. दुसऱ्या दिवशी पोलिस चौकीत गेलो. तिथल्या नोंदी ठेवणाऱ्या दिवाणजीने सगळं ऐकून घेतलं, नोंद केली आणि चांगल्या मनाने सल्ला दिला, "रोज अख़बार देख लिया करिए पंडितजी. जो भी मिलता है, उसमें छप जाता है."

"जो भी" म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही.

गल्लीत सांगायचं काय, हा दुसरा प्रश्न होता. घरचा कर्ता माणूस रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बादलीवरून निघून गेला, हे कसं सांगणार? काकांनी तात्काळ कथा रचली. दादा पुण्याला गेलेत, भाच्याच्या मुलाच्या मुंजीला. काका पिढीजात भिक्षुक, पण घाबरलेला माणूस स्वतःचं शास्त्रही विसरतो. मार्गशीर्ष चालू होता. समोरच्या घरातले घनपाठी आजोबा, ज्यांना सगळा वेद उलटसुलट पाठ, ते भुवई किंचित वर करून म्हणाले, "उत्तरायणाच्या आधी मुंज?"

"पुण्यात काढतात," काका म्हणाले.

"असं का," आजोबा म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. आमच्या लोकांची ही रीत आहे. एखाद्या घराने आपल्याबद्दल काही सांगितलं की ते खरं धरून चालायचं, मग ते कितीही खोटं असो.

घरी मात्र जुना पेपर पुन्हा चालू झाला. नवाही येतच होता, बादलीसाठी. आत्याने कूपनं कापणं थांबवलं नाही. तिला निर्दय म्हणायचं मला पुष्कळदा मनात आलं आहे, पण ती कात्री चालवताना तिचे हात मी पाहिलेत. करायला दुसरं काही नसतं तेव्हा हात जे ठाऊक असतं ते करतात.

जुन्या पेपराच्या आतल्या पानावर, खाली डावीकडे एक कोपरा होता. मी तो जन्मात वाचला नव्हता. बारीक टाइप, शाई बोटांना लागणारी. "अज्ञात शव." अमुक घाटाजवळ, उम्र लगभग इतनी, रंग गेहुँआ, कद मंझला, वस्त्र असे. त्या कोपऱ्यातली भाषा मला फार लवकर येऊ लागली. उम्र लगभग साठ, सफेद धोती, गले में जनेऊ. वाचा आणि सांगा, बनारसमध्ये या वर्णनात कोण बसत नाही? निम्मं शहर बसतं. आमचे काकाच बसतात! मी ते एकदा मोठ्याने म्हणालोही. काका म्हणाले, "माझा रंग गेहुँआ नाही, गोरा आहे." आणि आम्ही दोघं हसलो. आई स्टोव्हपाशी बसली होती. तिने आमच्याकडे नुसतं पाहिलं, रागाने नाही, जसं रस्त्यावरून काही जाताना दिसतं आणि आपण बघतो तसं.

हसलो म्हणून बरं वाटलं, असं नाही. वाईटही वाटलं नाही. पाय दुमडून फार वेळ बसलं की तो पाय आपला नाहीसा होतो, चिमटा काढला तर आपण चिमटा काढलाय एवढं कळतं, बाकी काही नाही. सगळं घर तसं झालं होतं. भूक लागायची, जेवण व्हायचं. आत्या शेजारणींचं भविष्य वाचायची. कोणी रडलं नाही. रडायला काहीतरी नक्की झालेलं असावं लागतं.

रोज सकाळी एकच विधी. पेपरवाला खालून गुंडाळी करून गॅलरीत फेकायचा. जुना मी उघडायचो, कोपरा वाचायचो, आणि म्हणायचो, "नाही."

मग आई स्टोव्ह पेटवायची. तोपर्यंत चहा नाही. हे कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी तसं झालं आणि मग तसंच होत राहिलं. मी "नाही" म्हटलं की आत्या एकदा आईच्या कपाळाकडे बघायची, कुंकवाकडे, आणि लगेच नजर वळवायची. आई काडी ओढायची. चहा.

आत्या म्हणायची, "तो जुना बंद कर रे. कशाला रोज सकाळी मेल्यांची यादी? नवा वाच. त्यात बघ, कसं सगळं चांगलं चाललंय." आणि ते खरं होतं. नव्या पेपरातल्या बनारसमध्ये कोणी बुडतच नव्हतं. तिथे उद्घाटनं होती, सुदृढ बालकांच्या स्पर्धा होत्या, कोणत्या मोहल्ल्यात नळाला पाणी आलं त्याचा फोटो होता. एकच शहर, एकच नदी, दोन रुपयांच्या आतबाहेर दोन पेपर, आणि एकात रोज माणसं सापडत होती, दुसऱ्यात कोणी हरवतसुद्धा नव्हतं. काका म्हणाले, "नवाच खरा असेल. जुना वाढवून लिहितो." म्हणजे प्रेतं वाढवून! आईने नव्या पेपराला कधी हात लावला नाही. तिने जुन्यालाही लावला नाही. ती फक्त माझ्या तोंडाकडे बघायची.

आणि एक दिवस माझं तोंड लगेच उघडलं नाही.

उम्र लगभग साठ वर्ष. सफेद धोती. बदन पर भूरा स्वेटर.

भूरा म्हणजे तपकिरी. मी ओळ पुन्हा वाचली. टाइप तोच होता. आई म्हणाली, "काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. काका देवघरातून अर्ध्या पूजेतून बाहेर आले.

"स्वेटर विणलेला की विकतचा?" आईने विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"मग लिहितात कशाला?" ती म्हणाली. आवाज नेहमीचा. भाजीवाल्याला म्हणावं तसा. "जा. बघून या."

काका आणि मी रिक्षाने शवागारात गेलो. वाटेत काका सगळा वेळ रिक्षावाल्याशी बोलत होते, त्याचं गाव कोणतं, मुलं किती, थंडी यंदा कशी. मला त्यांचा राग यायला हवा होता. मी चाकाकडे बघत होतो. तिथे पोचल्यावर एका माणसाने चादर बाजूला केली. मी आधी चेहरा पाहिला नाही, स्वेटर पाहिला. गळ्यापाशी मागे शिवलेली एक छोटी चिठ्ठी होती, मशिनवर विणलेल्या स्वेटरला असते ती. मग चेहरा पाहिला. कोणीतरी होते. आमचे नव्हते. कोणाच्या तरी घरी कोणीतरी स्टोव्ह न पेटवता बसलं असेल, असं मनात यायला हवं होतं, ते खूप वर्षांनी आलं. त्या वेळी मला एवढंच वाटलं की इथे फिनेल जास्त झालंय.

घरी आलो. आई त्याच जागी होती.

"विकतचा," मी म्हणालो.

तिने काडी ओढली. आम्ही चहा घेतला तेव्हा दुपार झाली होती.

*

कप विसळताना आई म्हणाली, "पेपरात द्या. घरी या म्हणून."

ही तिने स्वतःहून काढलेली पहिली गोष्ट. सगळे एकदम जागे झाले. काका म्हणाले, अर्थात जुन्या पेपरात. दादा तीस वर्षं तोच वाचतात, जिथे असतील तिथे तोच शोधतील. आत्या म्हणाली, नव्यात द्या, तो आता सगळीकडे जातो, मिर्झापूरपर्यंत! काका म्हणाले, ज्या पेपरामुळे माणूस घर सोडून गेला त्यात त्याला बोलवायचं? आत्या म्हणाली, "माझ्यामुळे गेला म्हण ना सरळ!" काका म्हणाले, "मी पेपर म्हणालो, तू स्वतःला पेपर समजतेस का?"

"नव्यात," आई म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"जुन्यात नको. त्यात तो कोपरा आहे. त्यांच्याबद्दलचं काही त्या पेपरात यायला नको."

ठरलं. मजकूर काकांनी लिहिला आणि इथे त्यांची प्रतिभा उफाळून आली. "मराठीत देऊ! म्हणजे सगळ्या बनारसला कळणार नाही. ज्याला कळायचं त्यालाच कळेल." आम्हाला सगळ्यांना हे फार हुशारीचं वाटलं. अगदी मलासुद्धा, एम.ए. असून. हजारो हिंदी वाचकांपासून आम्ही गुपित लपवलं, ज्यांना आमच्या घराशी काडीचं देणंघेणं नव्हतं. ज्यांच्यापासून लपवायचं होतं ती गल्ली तेवढी मराठी वाचणारी होती, हे चार प्रौढ माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पेपरच्या ऑफिसात जाहिरातीच्या खिडकीवरचा बाबू चिठ्ठीकडे बघतच राहिला. "ई का लिखे हैं पंडितजी? नेपाली है?"

"मराठी."

"पढ़ेगा कौन?"

"जिसको पढ़ना है, वो पढ़ेगा," काका हात हवेत फिरवत म्हणाले.

"कोई गाली-वाली तो नहीं है? बाद में हमको सुनना पड़ता है."

मग काकांनी त्याला अर्थ सांगितला, ओळीओळीने, आवाज चढवत, उतरवत. "आपण असाल तिथून निघून यावे. पेपर आपलाच पुन्हा चालू केला आहे. कोणी काही विचारणार नाही. बादलीचा विषय संपला आहे." शेवटापर्यंत येता येता बाबूचे डोळे पाणावले. त्याने नाक पुसलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "बाल्टी कौन है?"

दोन दिवसांनी सकाळी आम्ही नवा पेपर उघडला. आमची जाहिरात कुठेच नव्हती. काका संतापाने पानं उलटत होते. आतल्या पानाशी आले आणि थांबले. पानाला भोक होतं.

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. तिच्यासमोर चिकटवायचा कागद, भाताच्या पेजेची वाटी, आणि नुकतंच चिकटवलेलं ओलं कूपन. आमची जाहिरात कूपनाच्या पाठीवर छापली होती. ती आता भाताखाली, कागदाकडे तोंड करून, कायमची झोपली होती.

"मी मागे बघितलंच नाही," आत्या म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. "आजच नाही बघितलं रे."

आई उठली, तिने पेपर हातात घेतला आणि त्या भोकातून जिन्याकडे बघितलं. कशासाठी ते मला माहीत नाही. आणि अगदी त्या क्षणी जिन्यावर पावलं वाजली. ती बाबांची नव्हती. शेजारच्या काकू होत्या, पदराखाली डबा. त्यांच्यामागे आणखी एक. त्यांच्यामागे दोन. अर्ध्या तासात आमच्या घरात बसायला जागा उरली नाही. छापलेलं सगळ्या गल्लीने वाचलं होतं, आमच्याखेरीज.

"बादली म्हटल्यावर दुसरं कुणाचं घर असणार हो?" शेजारच्या काकू आत्याला म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या. "मुंज-बिंज काही नाही हे आम्हाला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण तुम्ही सांगत नाही म्हटल्यावर आम्ही कसं विचारायचं?"

शेवटी घनपाठी आजोबा आले. काठी टेकवत, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत. खुर्ची दिली ती त्यांनी नको म्हटली.

"मी त्यांना रामनगरात पाहिलं," ते म्हणाले.

सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे वळली.

"मागल्या आठवड्यात अनुष्ठानाला गेलो होतो. एका वह्यांच्या दुकानात बसले होते, पेपर वाचत. मी हाक मारणार होतो. पण तुम्ही पुण्यात म्हणून सांगितलेलं." त्यांनी काकांकडे बघितलं. "म्हटलं, पुण्यात आहेत तर पुण्यातच असतील. माझीच नजर अधू."

काका भिंतीला टेकून हळूच खाली बसले. नाटक नव्हतं ते. आई आत गेली आणि आम्हाला भांडी हलवल्याचा आवाज ऐकू आला, पण ती काही हलवत नव्हती, एकच पातेलं पुन्हा पुन्हा उचलून ठेवत होती.

*

मी सायकलने गेलो. रामनगर गंगेपलीकडे; थंडीत मध्ये पिप्यांचा, म्हणजे तरंगत्या पिंपांचा, पूल बांधलेला असतो, त्याच्या फळ्या चाकाखाली खडखडतात. रामनगरच्या बाजारात वांग्यांचे ढीग होते, इथली मोठी, पांढुरकी हिरवी वांगी. वह्यांचं दुकान दोघांना विचारून सापडलं. ते बाबांच्याच ऑफिसातून आधी रिटायर झालेल्या माणसाचं होतं.

बाबा बाकावर होते. तपकिरी स्वेटर, आईच्या हातचा, कोपराशी एक टाका सुटलेला. हातात नवा पेपर. अख्खा.

मी सायकल लावली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, घडी घातली, मूळ घड्यांवरून.

"वाचली," ते म्हणाले. "काकाने लिहिली ना?"

"हो."

"वाटलंच."

दुकानदार मला बघून उठला. "बड़े बाबू के बेटे हो? सुबह हम पूछे, ये मराठी में का छपा है? बोले, किसी का जन्मदिन है." तो हसला आणि चहा सांगायला गेला. बाबांनी त्याला सांगितलं होतं की रिटायर झाल्यावर महिनाभर एकांतात जप करायचा आहे. मागची खोली त्याने आनंदाने दिली होती.

"असं का केलंत?" मी विचारलं नाही. पेपरात छापून दिलं होतं ना, कोणी काही विचारणार नाही म्हणून. पण बाबा स्वतःच बोलले, समोरच्या वांग्यांकडे बघत.

"नुक्कडवर आपला पेपर घ्यायला गेलो. संपला होता. पुढे गेलो. तिथेही नव्हता. चालत चालत पुलापर्यंत आलो. संध्याकाळी परत जाऊ म्हटलं." मग म्हणाले, "हा पेपर आला की दुकानवाला आधी माझ्या हातात देतो. मग ग्राहकाला. छान असतो रे. कोडं असतं मागच्या पानावर."

"तुम्हाला काही वाटलं नाही?"

"नाही," ते म्हणाले. "काही वाटत नव्हतं. तेच बरं वाटत होतं."

मला ते कळलं. तेच कळलं म्हणून मी त्यांना दुसरं सांगितलं. कोपरा. मी रोज तो वाचतो, आणि मी "नाही" म्हणेपर्यंत आई स्टोव्ह पेटवत नाही. मग भूरा स्वेटर. मग तिने विचारलेलं, विणलेला की विकतचा.

बाबा स्वेटरच्या सुटलेल्या टाक्यात बोट घालून बसले. चहा आला, त्यावर साय धरली.

"तीस वर्षं तो पेपर वाचला," ते म्हणाले. "छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. तो कोपरा तेवढा सोडून द्यायचो. म्हटलं, आपलं काय त्यात."

मग ते उठले, आत जाऊन झोला घेऊन आले. बाबा सायकलच्या मागे बसले आणि पुलावर फळ्या वाजत होत्या.

घरी गल्ली जमली होती, पण आई पुढे आली नाही. बाबा जिना चढून आत गेले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, खालपासून वर, कोपराशी थांबली. "टाका सुटलाय," म्हणाली, आणि स्टोव्ह पेटवला.

आत्याने दुसऱ्या दिवशी विचारलं, मग आता कोणता ठेवायचा? कूपनं पुरी होत आली होती. बाबा म्हणाले, नवा चालेल मला, कोडं बरं असतं. काकांनी टाळी वाजवली. सगळ्यांना वाटलं, मिटलं.

"जुना ठेवा," आई म्हणाली.

नवा महिनाअखेर बंद झाला. बादली आली, निळी, झाकणासकट, अजून आहे. झाकण माकडांनी पळवलं. परवा मी मोबाइलवर बनारसच्या बातम्यांची दोन अ‍ॅप समोर ठेवून बसलो होतो, एक ठेवायचं, एक काढायचं. बायको म्हणाली, ज्यात जाहिराती कमी ते ठेवा. मी दोन्हीकडे बोट सरकवत खाली, अगदी खालपर्यंत गेलो. काय शोधताय, तिने विचारलं. ते सांगण्यासाठी हे सगळं लिहावं लागलं.

बाबा परत आल्यानंतर आमच्या घरी पेपर सकाळी गॅलरीत पडला की आधी आईच्या हातात जायचा. ती आतलं पान उघडायची, खाली डावीकडे बघायची, पूर्ण वाचायची, ओठ हलवत. बाबा समोर पाटावर बसलेले असायचे, दाढी केलेली, चष्मा पुसलेला. ती त्यांच्यासमोर म्हणायची, "नाही."

मग काडी ओढायची. मग पेपर बाबांना द्यायची, ताजा, घडी फक्त एकदा मोडलेला. ती होती तोवर रोज. बाबांनी एकदाही म्हटलं नाही की अगं, मी इथेच आहे.